तिसऱ्या बेसवर तिघे

रविवार, १५ ऑगस्ट १९२६. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एबेट्स फील्ड या मैदानावर यजमान रॉबिन्स आणि बोस्टन ब्रेव्ह्ज यांच्यात बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने ठरलेले होते. पहिल्या सामन्याचा सातवा डाव. दोन्ही संघांची एक-एक धाव, ब्रुकलिनचा एक गडी बाद आणि तिन्ही बेसवर ब्रुकलिनचे खेळाडू उभे. तिसऱ्या बेसवर कॅचर हँक डेबेरी, दुसऱ्यावर पिचर डॅझी व्हान्स, पहिल्यावर चिक फ्यूस्टर. बॅट घेऊन आला तो उंचापुरा, डावखुरा, लीगमध्ये पहिलंच वर्ष खेळणारा फ्लॉइड केव्हज हर्मन. त्याला सगळे बेब हर्मन म्हणत.

पुढच्या मिनिटभरात जे घडलं त्यावर अमेरिकेत शंभर वर्षं विनोद होत आले आहेत. विनोद कळायला मात्र बेसबॉलचा एक नियम नीट कळावा लागतो, आणि तो कळला की हसू थोडं कमी होतं.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मैदानावर चार ठाणी, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. होम प्लेट, मग पहिला, दुसरा आणि तिसरा बेस. दोन ठाण्यांमध्ये ९० फूट. हे अंतर १८५७ पासून तसंच आहे. बॅटर होम प्लेटपाशी उभा राहून चेंडू मारतो, पळत एकेक बेस गाठतो आणि चारही ठाणी पूर्ण करून होमला परतला की एक धाव. बेसवर पाय असेपर्यंत तो सुरक्षित. बेस सोडून मधे असताना चेंडू हातात असलेल्या क्षेत्ररक्षकाने त्याला स्पर्श केला, म्हणजे टॅग केलं, की बाद. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने लिहून काढलेल्या नियमांनी एक गोष्ट कायमची बदलली: पळणाऱ्याच्या अंगावर चेंडू फेकून त्याला बाद करता येणार नाही. चेंडू बेसवर आणायचा किंवा हाताने स्पर्श करायचा. बेसपाशी होणारी झोंबाझोंबी, घसरत येणं, पंचांची वादावादी या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

हर्मनने चेंडू सणसणीत मारला. तो उजव्या बाजूच्या भिंतीकडे गेला आणि भिंतीवर आदळला. असा फटका पाहिला की बॅटर मागेपुढे न पाहता पळत सुटतो, आणि त्यात काही गैर नाही. तिसऱ्या बेसवरचा डेबेरी आरामात होमला आला. धाव झाली, ब्रुकलिन २-१ ने पुढे गेलं. ही धाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या दंतकथेत ती बहुतेकदा गाळली जाते.

घोळ दुसऱ्या बेसवरच्या व्हान्सपासून सुरू झाला. उंच फटका झेलला जाईल की काय, अशा शंकेने तो घुटमळला. झेल घेतला गेला तर बेस सोडून पळालेला माणूस आयताच बाद होतो, म्हणून सावधपणा चुकीचा नव्हता. पण चेंडू भिंतीवर आदळल्यावरही व्हान्सची गाडी काही वेग घेईना. व्हान्स पिचर होता. चेंडू टाकायला त्याला पैसे मिळत, पळायला नव्हे. तो तिसऱ्या बेसला वळसा घालून होमकडे थोडा गेला, चेंडू परत येताना दिसला आणि मधेच थबकला. मागून फ्यूस्टर तिसऱ्या बेसच्या जवळ येऊन ठेपला होता. त्याच्याही मागून हर्मन.

ब्रुकलिनच्या वतीने तिसऱ्या बेसपाशी उभं राहून पळणाऱ्यांना इशारे देण्याचं काम त्या डावात मिकी ओ'नील करत होता. तो मुळात कॅचर. नेहमीचा माणूस ऑटो मिलर त्या वेळी बसून होता. हर्मन सुसाट येतोय हे पाहून ओ'नीलने 'मागे फिर, मागे फिर' असा आरडाओरडा केला आणि तो आपल्यालाच आहे असं व्हान्सला वाटलं, असं सांगतात. तो मागे वळला. आता तिसऱ्या बेसवर होमच्या बाजूने व्हान्स येतोय, दुसऱ्या बाजूने फ्यूस्टर येऊन पोचलाय आणि त्याच वेळी हर्मन धुळीत घसरत दाखल. ब्रुकलिनचे तीन खेळाडू, एक बेस.

तो बेस तेव्हा १५ इंच लांब, १५ इंच रुंद अशी एक कॅनव्हासची पिशवी होती. आता मेजर लीगमध्ये तो १८ इंचांचा झाला आहे, २०२३ पासून. तीन माणसांचे पाय त्यावर सहज मावतात. नियमात मात्र त्यावर एकालाच जागा आहे.

बोस्टनचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू एडी टेलर याच्या हातात चेंडू आला तेव्हा त्याने शहाण्या माणसाने करावं तेच केलं. समोर जो दिसला त्याला टॅग केलं. कोण बाद, कोण नाही, ते पंच ठरवतील. फ्यूस्टरची मात्र समजूत झाली की आपण बाद झालो. तो बेस सोडून चालू लागला. चेंडू घेऊन बोस्टनचा दुसऱ्या बेसचा खेळाडू डॉक गोट्रो त्याच्या मागे लागला आणि त्याला मैदानातच गाठून टॅग केलं.

पंच बीन्स रीर्डन यांचंही नॅशनल लीगमधलं ते पहिलंच वर्ष. निकाल असा: व्हान्स सुरक्षित, तिसरा बेस त्याचा. हर्मन बाद, कारण त्याने आपल्या पुढे असलेल्या फ्यूस्टरला ओलांडलं. फ्यूस्टर बाद, कारण बेस सोडून जाताना तो टॅग झाला. एक गडी आधीच बाद होता; दोन आणखी गेले, तिघे बाद म्हणून डाव संपला.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मनाला हा निकाल चटकन पटत नाही. दोन्ही फलंदाज एकाच टोकाला पोचले तर काय, हे आपण लहानपणापासून जाणतो. १९९९ च्या विश्वचषकात एजबॅस्टनवर क्लूजनर पलीकडे पोचला आणि डोनाल्ड तिथून निघायलाच उशीर लावत होता, तो प्रसंग अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. क्रिकेटच्या नियमात आधी जो क्रीजमध्ये असतो ती जागा त्याची राहते, नंतर दुसरा तिथे येऊन मिळाला तरी. म्हणजे प्रश्न 'आधी कोण होता' हा. बेसबॉल हे विचारतच नाही. तिथे प्रश्न 'रांगेत पुढे कोण' हा आहे. दोघे एका बेसवर असतील आणि खेळ चालू असेल तर पुढच्या धावणाऱ्याचा हक्क. मागचा टॅग झाला की बाद. मागच्याने आधी येऊन बेसवर पाय रोवला असला आणि पुढचा नंतर परत फिरून आला असला तरीही.

त्या दिवशी व्हान्स तिसऱ्या बेसच्या पलीकडून परत आला. फ्यूस्टर कदाचित त्याच्याआधी तिथे टेकलाही असेल. काही फरक पडत नाही. व्हान्स पुढचा, बेस व्हान्सचा.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तोही क्रमातूनच येतो. बॅटर चेंडू मारून पळाला की पहिल्या बेसवरच्याला तो रिकामा करावाच लागतो, कारण बॅटरला जायला दुसरी जागा नाही. तो दुसऱ्यावर गेला की तिथल्याला तिसऱ्यावर जावंच लागतं. अशा सक्तीच्या वेळी हक्क उलटतो: मागचा जिथे येणार ते ठाणं त्याचं, आणि न हललेला पुढचाच टॅग झाल्यास बाद. पण सक्ती एकाच बेसपुरती. व्हान्सला तिसऱ्यापर्यंत जायची सक्ती होती, ती त्याने पूर्ण केली. फ्यूस्टरला दुसऱ्यापर्यंतची, तीही पूर्ण झाली. त्यापुढचं सगळं त्यांच्या मर्जीचं, आणि मर्जीच्या प्रदेशात पुढच्याचाच अधिकार.

हर्मनचा गुन्हा वेगळ्या कलमाखाली येतो. आपल्या पुढे जो पळतोय आणि अजून बाद झालेला नाही, त्याला ओलांडलं की ओलांडणारा त्याच क्षणी बाद. टॅगची गरज नाही. या नियमांचं तर्कशास्त्र सोपं आहे. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. मग सांभाळायची जबाबदारी कुणाची? ज्याला दिसतं त्याची. महामार्गावर मागून धडकणाऱ्यालाच जाब विचारतात.

कायदा म्हणून हे निर्दोष आहे. त्या दिवसाचा न्याय म्हणून मला ते अपुरं वाटतं. सगळ्या घोळाचा उगम व्हान्सच्या घुटमळण्यात होता. पुढचा माणूस तिसऱ्या बेसच्या पलीकडे अडकलेला असताना मागच्यांनी एकेक बेस पुढे सरकणं हे बेसबॉलमध्ये शहाणपण समजतात. हर्मनने मान वर करून पाहायला हवं होतं, हे खरं. पण जो अडखळला तो नियमाने तरला आणि जो फटका मारून, धाव मिळवून, जीव तोडून पळाला त्याच्या नावावर आयुष्यभराची थट्टा चढली.

आणि थट्टेला ब्रुकलिनइतकी सुपीक जमीन दुसरी नव्हती. १८९८ पर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होतं. न्यूयॉर्कमध्ये विलीन झाल्यावरही तिथल्या लोकांच्या मनातलं वेगळेपण गेलं नाही आणि नदीपलीकडच्यांची नाक मुरडायची सवयही. संघाला तेव्हा रॉबिन्स म्हणत ते व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन याच्या नावावरून. अंगाने भरलेला, खेळाडूंत 'अंकल रॉबी' म्हणून लाडका. १९१५ मध्ये फ्लोरिडात सरावाच्या दिवसांत त्याने विमानातून टाकलेला चेंडू झेलण्याची पैज घेतली होती. रूथ लॉ ही वैमानिक स्त्री विमान घेऊन वर गेली आणि तिने चेंडूऐवजी ग्रेपफ्रूट टाकलं. फळ छातीवर फुटलं, रॉबीच्या अंगभर रस पसरला आणि ते रक्त आहे असं वाटून त्याने मरण ओढवल्याचा आकांत केला. असा माणूस १९१४ ते १९३१ अशी अठरा वर्षं त्या संघाचा कारभार पाहत होता.

१९२५ च्या एप्रिलमध्ये क्लबचे मालक चार्ल्स एबेट्स वारले. त्यांच्या अंत्यविधीला गेलेले भागीदार एड मॅक्कीव्हर आजारी पडले आणि दोन आठवड्यांच्या आत तेही गेले. अध्यक्षपद रॉबिन्सनकडे आलं. आता मैदानावरचा कारभारीही तोच आणि कचेरीतलाही तोच. दोन्हीकडचं काम एका माणसाकडे असलं की दोन्हीकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. खेळाडूंच्या बावळट चुकांना दंड करायचा म्हणून त्याने एक फंड काढला आणि पहिल्याच फटक्यात पंचांकडे खेळाडूंची चुकीची यादी देऊन स्वतःच दंडाला पात्र ठरला, अशीही एक गोष्ट सांगतात. १९२६ चा मोसम संघाने सहाव्या क्रमांकावर संपवला. वार्ताहरांना असा संघ म्हणजे रोजची शिदोरी.

या हास्यकल्लोळात एक गोष्ट हरवते: हे खेळाडू सुमार नव्हते. ज्या व्हान्सने घुटमळून गोंधळ घातला तो त्या काळातला सर्वोत्तम पिचर म्हणायला हरकत नाही. मेजर लीगमधला पहिला विजय त्याला वयाच्या एकतिशीत मिळाला, १९२२ मध्ये, आणि त्या वर्षापासून १९२८ पर्यंत सलग सात वर्षं सर्वाधिक बॅटर स्ट्राइकआउट करण्याचा नॅशनल लीगमधला मान त्याच्याकडेच होता. १९२४ मध्ये तर २८ विजय आणि २६२ स्ट्राइकआउट. उजव्या बाहीच्या चिंध्या करून तो चेंडू टाकायचा; फडफडणाऱ्या चिंध्यांतून चेंडू कधी सुटला ते बॅटरला कळायचं नाही. दुसरा तो फ्यूस्टर. १९२० मध्ये डोक्याला चेंडू लागून त्याची कवटी फुटली होती, तरी परत येऊन खेळत राहिला. १९२३ च्या एप्रिलमध्ये यँकी स्टेडियमचं उद्घाटन झालं तेव्हा त्या मैदानावर बॅट घेऊन उभा राहिलेला अगदी पहिला माणूस तोच होता, पाहुण्या बोस्टन रेड सॉक्सकडून. आज त्याचं नाव निघतं ते फक्त तिसऱ्या बेसवरच्या गर्दीत.

दंतकथा झपाट्याने फुगली. दुहेरी बाद होतं ते तिहेरी झालं. हर्मनने मारलेला फटका अधिकृत नोंदीत दोन बेसचा. लोकांच्या तोंडी तो तीन बेसचा झाला. तीन बेसचा फटका मारून तीन गडी बाद करवणारा वीर, अशी त्याची ख्याती पसरली. प्रत्यक्षात त्या फटक्यावर बाद झाले दोघेच; व्हान्स सुरक्षित राहिला आणि डेबेरी तर केव्हाच घरी पोचला होता. तिसऱ्या बेसवर पडल्या पडल्या व्हान्सने नियमांवर एक भारदस्त भाषण ठोकलं अशीही आवृत्ती निघाली. माणूस धुळीत लोळत असताना इतकी घोटीव वाक्यं बोलत नाही, एवढंच म्हणतो. सगळ्यात टिकला तो एक विनोद. मैदानाबाहेरचा कुणी विचारतो, काय चाललंय? आतला सांगतो, ब्रुकलिनचे तिघे बेसवर आहेत. बाहेरच्याचा प्रश्न: कोणत्या बेसवर?

हर्मनवर हा शिक्का बसायला त्याने स्वतःही हातभार लावला, हे कबूल करायला हवं. क्षेत्ररक्षणात तो गलथान होता. १९२७ मध्ये पहिल्या बेसवर आणि पुढची दोन वर्षं बाहेरच्या क्षेत्रात लीगमधल्या सर्वाधिक चुका त्याच्या नावावर आहेत. आणि १९३० मध्ये तर त्याच कलमाने त्याच्यावर उलटा सूड घेतला. ३० मे रोजी तो बेसवर असताना सहकारी डेल बिसोनेटने चेंडू मैदानाबाहेर मारला. होम रन. बेसवरच्याने अशा वेळी निवांत पळायचं असतं. हर्मन थांबून चेंडू कुठे जातो ते पाहत राहिला आणि बिसोनेट त्याला ओलांडून पुढे गेला. ओलांडणारा बाद! होम रनची गणना एका बेसच्या फटक्यात झाली. इतकं झाल्यावर कुणीही कानाला खडा लावला असता. १५ सप्टेंबरला सहकारी ग्लेन राइटच्या होम रनच्या वेळी हर्मनने पुन्हा तेच केलं. म्हणजे १९२६ मध्ये पुढच्याला ओलांडून तो बाद झाला आणि १९३० मध्ये स्वतः ओलांडला जाऊन त्याने दोघांना बाद करवलं. एकाच नियमाच्या दोन्ही बाजू इतक्या कसून तपासणारा खेळाडू विरळा.

पण त्याच १९३० मध्ये त्याने ०.३९३ सरासरीने फटके मारले. २४१ हिट, ३५ होम रन, १३० धावा मिळवून दिलेल्या. बिल टेरीने ०.४०१ गाठली म्हणून लीगमधल्या सर्वोच्च सरासरीचा मान हुकला. हे आकडे कुणी विनोदात सांगत नाही.

बेसवरची गर्दी पुढेही होत राहिली, आणि नियम माहीत नसणारे त्यात सापडत राहिले. १९ एप्रिल २०१३ ला मिलवॉकीच्या मैदानावर ब्रुअर्स आणि शिकागो कब्ज यांच्यात आठव्या डावात जे झालं ते पाहिलं असतं तर अंकल रॉबी मनापासून हसला असता. ब्रुअर्सचा ज्याँ सेगुरा दुसरा बेस चोरून, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळत गाठून, तिथे उभा होता. तो तिसऱ्याकडे निघाला, मधेच अडकला आणि मागे फिरला. तोवर पहिल्यावरचा रायन ब्रॉन दुसऱ्यावर येऊन पोचलेला. दोघे एका बेसवर. कब्जच्या लुईस व्हाल्ब्युएनाने दोघांनाही टॅग केलं. सेगुरा पुढचा, म्हणून बेस त्याचा आणि ब्रॉन बाद. पण फ्यूस्टरला वाटलं तेच सेगुरालाही वाटलं. आपणच बाद, असं समजून तो आपल्या संघाच्या डगआउटकडे, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेकडे, चालू लागला. डगआउट पहिल्या बेसच्या बाजूला होतं. वाटेत तिथल्या प्रशिक्षकाने त्याला पहिल्या बेसवरच थांबवलं आणि पंचांनी ते चालू दिलं. फ्यूस्टरच्या मागे गोट्रो धावला होता. सेगुराच्या मागे कुणी धावलं नाही, एवढाच फरक. मग सेगुरा पुन्हा दुसरा बेस चोरायला निघाला आणि या वेळी बाद झाला. एकाच डावात त्याने तोच बेस एकदा चोरला आणि एकदा चोरताना तो पकडला गेला.

उलटं पळणं त्याआधीही झालं होतं. १९११ मध्ये वॉशिंग्टनच्या जर्मनी शेफरने मुद्दाम दुसऱ्यावरून पहिल्याकडे उलटी धाव घेतली होती, प्रतिपक्षाने आपल्याला बाद करायला चेंडू फेकावा आणि तेवढ्यात तिसऱ्यावरचा सहकारी होमला पोचावा म्हणून. अशा हेतुपुरस्सर उलट्या धावेला पुढे नियमाने बंदी आली. सेगुराचा हेतूच नव्हता, त्यामुळे त्याला त्या कलमात बसवता आलं नसतं. नियम लिहिणाऱ्यांना लबाडीचा विचार करता येतो. गोंधळाचा पुरता विचार कुणालाच करता येत नाही.

हर्मन १९४५ मध्ये, युद्धामुळे खेळाडूंची चणचण असताना, बेचाळिसाव्या वर्षी ब्रुकलिनकडे परतला. पहिल्याच संधीला त्याने हिट मारली आणि पहिल्या बेसला अडखळून पडला. प्रेक्षकांना हवं ते मिळालं. १९५७ च्या मोसमानंतर क्लब लॉस एंजेलिसला गेला, १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडलं गेलं आणि तिथे राहत्या घरांच्या इमारती उभ्या राहिल्या.

१५ ऑगस्ट १९२६ चा पहिला सामना ब्रुकलिनने ४-१ असा जिंकला. ब्रुकलिनला आघाडी मिळाली ती हर्मनच्या त्याच फटक्यावर. व्हान्सची १९५५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, आणि ती योग्यच होती. कारकिर्दीची सरासरी ०.३२४ असलेल्या हर्मनला तिथे अजून जागा मिळालेली नाही, आणि ते मला योग्य वाटत नाही.